जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्या लिहितात, ‘‘आमच्या घरी २०१२ साली घेतलेला संगणक आहे. मुलगी आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय संगणकशास्त्र. गेल्या वर्षी पदरचे पैसे घालून आम्ही त्याची रॅम वाढवून घेतली. आता दुकानदार म्हणतो, याच्यावर विंडोज ११ चढत नाही, दहाचे दिवस संपले, भंगारात द्या आणि नवा घ्या. मुलीचे अब्बू म्हणतात, नवा घ्यायचा तर पुढच्या वर्षी बघू. तोवर मुलीने काय करायचे?’’

असाच प्रश्न याआधीही दोन-तीन वाचकांनी विचारला होता, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच दिले आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे: संगणक देऊ नका, त्यावर लिनक्स बसवा. मात्र बसवण्यापूर्वी एक केबल काढून ठेवा. ही केबल कोणती आणि ती न काढल्यामुळे आमच्या घरातून काय गेले, ते पुढे सांगू.

दुकानदार खोटे बोलत नाही

विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली, त्यांना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला असे होत नाही. तो कालच्यासारखाच चालतो. पण त्यात नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येणार नाही. ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, मुलांचे प्रवेश-अर्ज भरतो, आधारची प्रत पाठवतो, तो असा उघडा ठेवणे बरे नाही.

मग विंडोज ११ का चढत नाही? त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तेवढी तर या भगिनीच्या संगणकात आहेच. अडचण दुसरीकडे आहे. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. २०१२ चा संगणक दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा असतो. त्यात रॅम कितीही घाला, ही अट पुरी होत नाही. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

म्हणजे संगणकाची ताकद संपलेली नाही. लिहिणे, वाचणे, व्याख्याने पाहणे, प्रोग्रामिंग शिकणे, हिशोब ठेवणे ही कामे तो अजून दहा जणांची करील.

लिनक्स तुमच्या घरात आधीच आहे

लिनक्स म्हटले की पुष्कळांना ते इंजिनीअर लोकांचे काम वाटते. पण घरात अँड्रॉइड फोन असेल तर लिनक्स रोज तुमच्या हातात असते, कारण अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे याच प्रकारच्या मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकत आहेत. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे लिनक्स तयार केले आहे.

गाभा एक, पण त्याभोवतीची मांडणी वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळी केली आहे. अशा प्रत्येक मांडणीला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, झोरिन ही त्यांतली काही नावे. बहुतेक डिस्ट्रो मोफत मिळतात. नात्यागोत्यात प्रत काढून द्या, मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत बसवा, कोणाची परवानगी लागत नाही. परवान्याशिवाय चढवलेले विंडोज आपल्याकडे किती घरांत आहे ते आपण जाणतोच. ज्यांच्या मनाला ते खुपते, त्यांचा हा प्रश्नही यातून सुटतो.

आधी डागडुजी, मग लिनक्स

जुन्या संगणकावर खर्च करायचा तर क्रम लक्षात ठेवा. पहिला खर्च एसएसडीचा, दुसरा रॅमचा. प्रोसेसर सगळ्यांत शेवटी, आणि बहुधा त्याची गरजच पडत नाही.

जुना संगणक सुरू व्हायला चार मिनिटे घेतो त्याचे कारण बहुतेक वेळा त्याची फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी बसवली की तोच संगणक अर्ध्या-पाऊण मिनिटात उभा राहतो. जुन्या मदरबोर्डावर एसएसडी आपल्या पूर्ण वेगाने धावत नाही, तरीही ती जुन्या डिस्कच्या कितीतरी पुढे असते. नवी एसएसडी घेण्यामागे आणखी एक, याहून मोठे कारण आहे. ते केबलच्या गोष्टीत येईल.

रॅम ८ जीबी असली की निवांत काम होते. २०१२ च्या सुमाराच्या संगणकाला डीडीआर-३ जातीची रॅम लागते. डीडीआर-४ त्या खाचेत बसतच नाही. लॅपटॉपची रॅम आखूड असते, डेस्कटॉपची लांब. त्यामुळे दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्या. भाव सतत बदलत असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही, पण एसएसडी मात्र नवीच आणि हमीची घ्या.

रॅम वाढवूनही फरक पडला नाही, अशी काहींची तक्रार असते. त्याचे एक कारण असे की दुकानदाराने विंडोज ३२ बिटचे बसवलेले असते. घरगुती वापराचे ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरतच नाही, वरची नुसती पडून राहते. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’चे पान उघडा, तिथे प्रोसेसर ६४ बिटचा आहे की नाही ते लिहिलेले असते. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिटचे लिनक्स बसवा म्हणजे पूर्ण रॅम कामाला येईल. बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंनी आता ३२ बिटची आवृत्ती काढणे थांबवलेही आहे.

कॅबिनेट उघडलेच आहे तर दोन कामे आणखी करा. मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ काढा. आणि मदरबोर्डावरची रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी, क्रमांक सीआर २०३२, बदला. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. ती संपलेली असेल तर वीज गेली की संगणकाची तारीख दहा-बारा वर्षे मागे जाते, आणि मग ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असे म्हणत प्रत्येक पान उघडायला नकार मिळतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, दोष मात्र एवढ्याशा बॅटरीचा असतो.

घरात कोण काय करते?

कोणते लिनक्स चांगले, असे विचारण्याआधी रात्री जेवणानंतर सगळ्यांना बसवून एक यादी करा. या संगणकावर कोण, कोणते काम करते?

विद्यार्थ्यांचे काम लिनक्सवर उत्तम होते. पायथन, सी, जावा, डेटाबेस हे सारे मोफत मिळते, आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमात लिनक्सच्या आज्ञा पुढेमागे येतातच. ब्राउझरमध्ये होणारी कामे, म्हणजे ईमेल, ऑनलाइन वर्ग, बँक, सरकारी अर्ज, बहुतेक जशीच्या तशी चालतात. लिहिण्यासाठी आणि हिशोबाच्या तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस आहे. ते वर्ड आणि एक्सेलच्या फायली उघडते. साधी पत्रे नीट दिसतात, गुंतागुंतीची मांडणी कधीकधी सरकते.

आता अडणारी कामे. दुकानाचा हिशोब टॅलीत असेल तर टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. फोटोशॉपचेही तसेच. उर्दू मजकूर इनपेजमध्ये जुळवणारे कोणी घरात असेल, तर इनपेजही विंडोजचेच. ई-निविदा भरण्यासाठी डिजिटल सहीचे टोकन लागत असेल तर तेही लिनक्सवर डोकेदुखी ठरू शकते. अशा घरात विंडोज पूर्णपणे काढू नका. जुन्या डिस्कवर ते राहू द्या आणि शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवा.

मराठी मजकुराची एक वेगळी अडचण असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे आपले लग्नपत्रिकांचे, संस्थेच्या अहवालांचे मजकूर युनिकोडमध्ये नसतात. ते श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. विंडोज काढण्यापूर्वी तिथले फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या. अशा बहुतेक फायली ते फॉन्ट लिनक्समध्ये बसवले की पुन्हा वाचता येतात.

नव्याने लिहायला मात्र लिनक्स मराठी आणि उर्दू दोन्हींना सोयीचे आहे. दोन्ही भाषांचे कळफलक त्यात असतात, सेटिंगमधून जोडले की झाले. नस्तालीक वळणासाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत फॉन्ट आहे. एकाच पानावर मराठी परिच्छेद डावीकडून आणि उर्दू परिच्छेद उजवीकडून, असे लिहिता येते.

तीन घरे, तीन निवडी

यादी झाली की निवड सोपी होते. रॅम ८ जीबी आणि एसएसडी असेल तर आम्ही लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती सुचवतो. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघडलेल्या खिडक्या. विंडोजची सवय असलेल्या माणसाला वाट चुकत नाही. मिंट २००६ पासून चालू आहे, आणि त्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत.

रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर त्याच मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. दिसायला साधी, चालायला हलकी. २ जीबी ही मिंटची किमान गरज आहे, पण तेवढ्यावर ब्राउझरची चार पाने उघडली की संगणक दमतो.

रॅम २ जीबीवरच अडकलेली असेल आणि वाढवण्याची सोयच नसेल, तर अँटीएक्ससारखे फार हलके लिनक्स आहे. पण त्यात बरेच काही हाताने करावे लागते. घरात कोणी जाणते असेल तरच त्या वाटेला जा.

मुलीच्या कॉलेजात उबुंटू वापरत असतील तर तिने उबुंटू घ्यायलाही हरकत नाही. मिंट उबुंटूच्याच पायावर उभे आहे, एकावर शिकलेले दुसऱ्यावर चालते. निवड वर्तमानपत्रातल्या कौतुकावरून करू नका. अडचण आल्यावर ज्याला फोन करता येईल असा भाचा किंवा शेजारचा मुलगा जे वापरत असेल, ते लिनक्स तुमच्यासाठी चांगले.

बसवण्याआधी चालवून बघा

लिनक्सची एक सोय फार मोलाची आहे. ते न बसवताही चालवून पाहता येते. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून साधारण तीन जीबीची फाइल उतरवा. रुफस किंवा एचर नावाच्या मोफत साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचे जुने सारे पुसले जाते हेही ध्यानात ठेवा.

मग संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा. बनावटीप्रमाणे ती एफ-१२, एफ-११, एफ-८ किंवा एस्केप असते. यादीत पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात मिंटचा पडदा समोर येईल. या क्षणी तुमच्या डिस्कवर काहीच लिहिलेले नसते.

इथे घाई करू नका, एक तास द्या. आवाज येतो का? वायफाय सापडते का? प्रिंटरवर पान निघते का? एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्स ओळखते, इतर काही जुन्या लेझर प्रिंटरांना खटपट लागते. स्वस्तातला वायफायचा खडा चालत नसेल तर तूर्त फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमधले यूएसबी टेदरिंग सुरू करा. संगणकाला इंटरनेट मिळेल आणि लागणारा ड्रायव्हर त्यावरून उतरवता येईल. पेनड्राइव्हवरून चालताना वेग कमी वाटतो, त्यावरून मत बनवू नका.

ती केबल

आता आमची चूक सांगतो.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही आपाच्या घरी गेलो होतो. आपा उर्दू प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या संगणकात दोन हार्ड डिस्क होत्या. एक १६० जीबीची जुनी, तिच्यावर विंडोज. दुसरी ५०० जीबीची, तिच्यावर घरातले सारे फोटो. त्याच डिस्कवर अब्बांच्या आवाजातली अकरा मिनिटांची ध्वनिफीतही होती. ७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, त्याची हकीकत त्यांनी नातवंडांना सांगितली होती आणि आपाच्या मुलाने ती फोनवर टिपून घेतली होती. अब्बा २०१६ साली गेले.

विंडोज फार सतावत होते, म्हणून आम्ही म्हणालो, आपा, जुन्या डिस्कवर लिनक्स बसवून देतो, फोटोंच्या डिस्कला हात लागणार नाही. बसवताना ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय आला. कोणती डिस्क, असेही त्याने विचारले. दोन्ही डिस्कची नावे जवळजवळ सारखी दिसत होती, फरक एका अक्षराचा. आम्ही फोनवर बोलत होतो. वरची निवडली आणि पुढे गेलो. पंधरा मिनिटांनी काम झाले आणि आपांनी विचारले, ‘‘फोटो कुठे आहेत?’’

संगणक तिथेच बंद केला, एवढे एक बरे केले. पुसलेल्या फिरत्या डिस्कवर नवे काही लिहिले नाही तर जुने थोडेफार परत मिळू शकते. फोटोरेक नावाच्या मोफत साधनाने तीन दिवस खपून तीन हजारांवर फोटो काढले. नावे आणि तारखा गेल्या, लग्न आणि अकीका एकाच ढिगात पडले. अब्बांची ध्वनिफीत मिळाली नाही. ज्या जागेवर ती होती, तिथे बहुधा आमचे लिनक्स जाऊन बसले होते. फोनही तोवर बदललेला होता.

आपा रागावल्या नाहीत. आम्हाला चहा दिला. एवढेच म्हणाल्या, ‘‘यापुढे माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस.’’

यात दोष लिनक्सचा नव्हता. त्याने विचारले होते, आम्ही वाचले नाही. पण वाचायचे राहून जाणे हे माणसाचे होणारच. म्हणून आता आम्ही अशी व्यवस्था करतो की चूक झाली तरी नुकसान होऊ नये. संगणक बंद करून प्लग काढायचा, कॅबिनेट उघडायचे, नवी एसएसडी जोडायची आणि जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून बाजूला ठेवायची. आत एकच डिस्क, तीही कोरी. मग ‘डिस्क पुसून बसवा’वर डोळे मिटून बोट ठेवले तरी जुन्या डिस्कवरचा एकही फोटो जात नाही.

एसएसडी घेण्याचे मोठे कारण ते हेच. वेग तर मिळतोच, शिवाय जुनी डिस्क न पुसता लिनक्स बसवता येते. लॅपटॉपमध्ये बहुधा एकाच डिस्कची जागा असते. तिथे जुनी डिस्क काढून एसएसडी बसवा आणि जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घाला. ती पेनड्राइव्हसारखी वापरता येते.

एसएसडी घेणे शक्यच नसेल आणि जुन्याच डिस्कवर बसवायचे असेल, तर आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर घ्या. फक्त डॉक्युमेंट्सचा कप्पा नव्हे. डेस्कटॉप, डाऊनलोड, डी ड्राइव्ह, हिशोबाचा डेटा, फॉन्ट, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळे. आणि घेतलेल्या प्रतीतल्या चार-सहा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका.

बसवणे आणि पहिला दिवस

केबल काढल्यावर बाकीचे काम सोपे आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करा, पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’ चिन्हावर दोनदा टिचकी मारा. भाषा, कळफलक, कालक्षेत्र विचारले जाते. कालक्षेत्रात कोलकाता निवडा, भारतीय वेळ त्याच नावाने आहे. नाव आणि पासवर्ड द्या, पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. एसएसडीवर वीस मिनिटांत काम होते.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी करा. अद्ययावत करण्याचे साधन उघडून आलेल्या साऱ्या दुरुस्त्या बसवा. ड्रायव्हरचे साधन उघडून काही सुचवते का पाहा. मग टाइमशिफ्ट सुरू करा. पुढे कधी बिघाड झाला तर ते संगणकाची व्यवस्था आदल्या दिवसावर नेऊन ठेवते. पण टाइमशिफ्ट आपोआप तुमचे फोटो सांभाळत नाही. त्यांची प्रत तुम्हालाच वेगळी घ्यावी लागते.

हे झाल्यावर संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल परत जोडा. लिनक्स विंडोजच्या डिस्कवरच्या फायली वाचू शकते. फक्त वाचता येते आणि लिहिता येत नाही असे झाले, तर विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय बंद करा. आणि जुन्या डिस्कवरचे विंडोज सुरू केल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, संध्याकाळच्या पाचला सकाळचे साडेअकरा, तर दचकू नका. लिनक्स मदरबोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक समजते. भारतीय वेळेतला आणि त्यातला फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. विंडोजमध्ये वेळ पुन्हा जुळवून घेतली की काम भागते.

महिनाभर दोन्ही राहू द्या. महिन्याने ज्याला-त्याला विचारा, विंडोज किती वेळा लागले? त्या उत्तरावरून पुढचे ठरवा.

शेवटी

गेल्या हिवाळ्यात आपांचा फोन आला. त्यांच्या संगणकावरही मुदत संपल्याची सूचना येऊ लागली होती. म्हणाल्या, ‘‘ये. पण काय काय काढून ठेवायचं ते आधी सांग.’’

आम्ही एसएसडी आणि ४ जीबीच्या दोन रॅम घेऊन गेलो. कॅबिनेट उघडल्यावर आपांनी स्वतः जुन्या डिस्कची केबल ओढून काढली आणि काम होईपर्यंत ती डिस्क मांडीवर घेऊन बसल्या. मिंट बसले. इनपेजसाठी त्यांचे विंडोज जुन्या डिस्कवर तसेच आहे, पण आता त्या ते क्वचितच उघडतात. उर्दूचा कळफलक त्यांना दोन दिवसांत जमला.

परवा त्यांनी आम्हाला एक फाइल पाठवली. अब्बांनी सांगितलेली दुष्काळाची हकीकत, त्यांना जेवढी आठवली तेवढी, दोन पाने. त्यात खडीच्या ढिगाची मापे आहेत, दिवसाची मजुरी आहे, दुपारी झाडाखाली वाटून खाल्लेली मिलोची भाकरी आहे. खाली आपांनी लिहिले आहे, ‘‘आवाज नाही, पण शब्द बरेचसे त्यांचेच आहेत. तीन ठिकाणी प्रत ठेवली आहे. चौथी तुझ्याकडे.’’

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचे सांगणे असे की मुलीला हे काम स्वतः करू द्या. तिच्या अभ्यासक्रमात पुढे जे येणार आहे, त्याचा पहिला धडा घरच्याच संगणकावर होईल. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि सुरू करण्यापूर्वी तिला विचारा, केबल काढलीस का? काम झाल्यावर कसे झाले ते आम्हाला जरूर कळवा.